चुलीतल्या फोका

आमच्या घरात रडणाऱ्यानं हातानं डोळे पुसायचे नाहीत, हा पहिला नियम. देवापुढं हात जोडायला शिकायच्या आधी मी तो शिकले. पेठ वडगावात आमचा डंक होता, मिरची कुटायचा. चार लोखंडी मुसळं पट्ट्यावर वर जायची आणि खालच्या उखळांत धाडकन पडायची, सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. घर डंकाच्या मागंच, मध्ये फक्त एक पत्रा. बायका भाजलेली ब्याडगी, संकेश्वरी मिरची, तीळ, खोबरं, लसूण डब्यांतून घेऊन यायच्या आणि आपली चटणी कुटून होईपर्यंत तिथंच रांगेत बसून राहायच्या, आपल्या मिरचीत दुसरीची मिसळू नये म्हणून. हा रिवाज अजून आहे. परवा कोल्हापुरात सुनेबरोबर मीही दोन तास डब्याला डोळे लावून बसले होते. सून म्हणाली, ‘आई, फोन करून बोलावतील की.’ मी काही उठले नाही. तर आमच्या घरात सगळ्याला मिरची होती. भाकरीला, उशीला, आईच्या पदराला, माझ्या वेणीला. आणि हातांना तर कायमचीच. त्या हातांनी डोळे चोळले की जमिनीवर लोळायची वेळ यायची. म्हणून मी आणि धाकटी शालन मान वर करून रडायचो आणि पाणी आपोआप कानांत जाऊ द्यायचो.

रडायला कारणं पुष्कळ होती. आमचे आबा, म्हणजे वडील, आईला मारायचे, आणि मारायचे ते डंक चालू असताना. पत्र्यापलीकडं दहा हातांवर बायका बसलेल्या असायच्या, त्यांना काही ऐकू जायचं नाही. गिऱ्हाईक नसलं आणि आबांना मारायचंच असलं, तर ते आधी जाऊन रिकामा डंक चालू करायचे. रिकाम्या डंकाचा आवाज वेगळा असतो. मिरची असली की मुसळ धब्ब करून बसतं, रिकाम्यात लोखंडावर लोखंड आपटतं. तो खणखणाट सुरू झाला की मी शालनला ओढून पोत्यांच्या मागं न्यायची. आबा परत यायचे ते तोंडावरचं फडकं सोडत, कामाला लागलेल्या माणसासारखे. आईचे केस धरायचे आणि भिंतीवर डोकं आपटायचे, मुसळाच्या ठेक्यावर. मी मोजायची. एकदा सतरापर्यंत मोजलं आणि मग आई बसली ती तशीच आडवी झाली. मला वाटलं, गेली. थोड्या वेळानं ती उठली, तोंड धुतलं आणि पिठलं टाकलं. ते पिठलं आम्ही चौघांनी खाल्लं. आबा म्हणाले, मीठ कमी हाय.

गल्लीला हे ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. रिकाम्या डंकाचा आवाज चार घरांपलीकडं जायचा. कुणी आलं नाही, एवढंच.

माझ्या वाट्याला धुरी असायची. निखाऱ्यावर मूठभर मिरच्या टाकायच्या, त्यावर मला ओणवं धरायचं आणि वरून गोणपाट टाकायचं. श्वास घेतला तरी मरण, नाही घेतला तरी मरण. एकदा मिरचीची बुट्टी सांडली म्हणून, एकदा शालनचा मार मी अंगावर घेतला म्हणून, आणि बाकीच्या वेळी कशासाठी ते आता आठवत नाही.

पण मी म्हणजे मार खाणारी गरीब बिचारी पोर होते, असा समज कुणी करून घेऊ नये. मी शाळेत मारायची. पाटीच्या लाकडी चौकटीचा कोपरा डोक्यात कसा बसवायचा ते मला चांगलं जमायचं. एका मुलीच्या कानाला मी असा चावा घेतला की तोंडात रक्ताची चव आली, आणि मी लगेच सोडला नाही. गुरुजी सोडवायला आले तर त्यांच्या मनगटाला चावले. मला मारायला आवडायचं. खरं तेच आहे. दुसरं कुणी रडायला लागलं की माझ्या छातीतला खणखणाट थोडा वेळ थांबायचा.

दुसरीत मला मुजावर बाईंच्या खोलीत पाठवलं. शाळेची जुनी लाकडं ठेवायची खोली होती ती. बाईंनी ती झाडून घेतली, सारवली, कोपऱ्यात चूल घातली. हजेरी झाली की पहिला तास आम्ही पाच पोरं तिथं जायचो, वर्गाला नकोशी झालेली पाच. बाकी शाळा तिला चुलीची खोली म्हणायची. हेडगुरुजींनी परवानगी दिली ती माया म्हणून नव्हे, तेवढा एक तास वर्ग शांत राहतो म्हणून. तिथं शिकवणं काही नव्हतं. बाई घरून ज्वारीचं पीठ आणायच्या, तांब्याभर म्हशीचं दूध आणायच्या. चुलीवर भाकरी व्हायची, आणि ती गरम दुधात कुस्करून आम्ही एका परातीभोवती बसून खायचो. मग प्रत्येकाचं तोंड धुणं, तेल लावणं, वेणी, भांग. एवढंच. बाई फार गोड बोलायच्या असंही नाही. आवाज घोगरा, बोलणं तुटक. ‘बस. आधी जेव. मग सांग.’ आणि जेवल्यावर सांगायचं कुणाच्या लक्षात राहायचं नाही.

माझ्या नातीच्या शाळेत आता अशी एक खोली आहे. मऊ गालिचा, रंगीत उशा, भिंतीवर हसऱ्या-रडक्या तोंडांची चित्रं. आज तुला कसं वाटतंय ते मुलांनी चित्राला बोट लावून दाखवायचं. तिथल्या ताईंनी मला आजी-आजोबांच्या दिवशी दोन शब्द बोलायला बोलावलं होतं. खोली चांगली आहे, मी मनापासून सांगते. पण ती चित्रं बघताना मला वाटलं, मला आठव्या वर्षी विचारलं असतं तर मी सगळी तोंडं फाडून टाकली असती. त्या दिवशी मी नातीला आवडणाऱ्या बेसनाच्या लाडवांची कृती सांगून खाली बसले.

चुलीच्या खोलीत पहिल्या दिवशी मुजावर बाईंनी काय केलं ते सांगते. त्यांनी माझे हात हुंगले. मग वाडग्यात ताक ओतलं आणि माझे दोन्ही हात त्यात बुडवून ठेवले, बराच वेळ. नंतर शेंगतेल चोळलं, राखेनं घासलं, परत धुतलं. म्हणाल्या, ‘आता चोळ डोळं.’ मी मान हलवली. ‘चोळ की. काय हुत न्हाय.’ मी भीत भीत एक बोट डोळ्याला लावलं. झोंबलं नाही. मग दोन्ही मुठींनी चोळत बसले, किती वेळ कोण जाणे.

आता फोकांचं. आमच्याकडं त्या काळी पोराला शाळेत घालताना बाप दोन वस्तू घेऊन जायचा. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात निगडीची फोक, साल काढून, तेल पाजून गुळगुळीत केलेली. फोक मास्तरांच्या हातात द्यायची आणि म्हणायचं, डोळं तेवढं राखा, बाकीचं तुमच्या हवाली. चुलीच्या खोलीत पाठवलेल्या पोरांचे बाप तर मुद्दाम नवी आणून द्यायचे, आधीचीनं काम भागलं नाही म्हणून. आबांनी आणलेली माझी फोक पाचांत सगळ्यांत लांब होती. बाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि म्हणाल्या, ‘ठेवते.’ आबा समाधानानं गेले.

बाई ती कोपऱ्यात उभी करून ठेवायच्या. बास. वापरायच्या नाहीत आणि टाकायच्याही नाहीत. ज्याची फोक त्यानं आपल्याला वाटेल त्या दिवशी उचलायची आणि चुलीत सारायची. कुणी सांगायचं नाही, विचारायचं नाही. त्या दिवशीची भाकरी त्या फोकेवर व्हायची, आणि पहिला तुकडा त्या पोराचा. बापांना यातलं काही ठाऊक नव्हतं. एकेकानं आपापली जाळली. दिवाळी होऊन गेली तरी माझी उभीच होती. बाई तिच्याकडं बघायच्यासुद्धा नाहीत. मी रोज बघायची. मला तिची भीती होती, आणि खरं सांगायचं तर अभिमानही होता. सगळ्यांत लांब होती ना.

पाचांतली एक कुसुम. माझ्याहून लहान, आई नसलेली, बोलत नसे. मुकी नव्हती, पण बोलत नसे. तिनं माझ्यात काय बघितलं देव जाणे. खोलीत आलं की माझ्या परकराचं टोक मुठीत धरून बसायची. मी ते हिसकून घ्यायची, ती परत धरायची. तिची वेणी घालताना बाई मला रिबीन धरायला लावायच्या. हळूहळू मी टोक हिसकणं सोडलं.

एके दिवशी शेणी ओल्या होत्या. चूल पेटत नव्हती, नुसता धूर. बाई पिठाचा डबा आणायला वर्गात गेल्या. मी वाकून फुंकर मारत होते. कुसुम उठली, कोपऱ्यात गेली आणि माझी फोक घेऊन आली. मी मागं वळायच्या आत तिनं ती मधोमध मोडली आणि चुलीत घातली. तेल पाजलेली फोक, भस्कन पेटली. कुसुम माझ्याकडं बघून हसली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. मला मदत केली असं तिला वाटलं होतं.

मला आठवतं ते डोळ्यांपुढं सगळं पांढरं झालेलं. मी जळता तुकडा ओढून काढला आणि तिच्या तोंडावर मारला. पहिला फटका कानापासून हनुवटीपर्यंत बसला. तुकडा कातडीला चिकटला आणि ओढून काढावा लागला. दुसरा खांद्यावर. तिसरा तिनं तोंड झाकलं त्या हातांवर. जळल्या केसांचा वास आला. ती ओरडली नाही. तिनं डोळे गच्च मिटले आणि उभी राहिली, आई उभी राहायची तशी. तेच मला सहन झालं नाही. मी तिचे केस धरले. भिंत जवळच होती. एकदा आपटलं, दोनदा आपटलं, आणि मी मोजते आहे हे माझं मलाच ऐकू आलं.

बाई डबा टाकून धावल्या. त्यांनी कुसुमला उचललं, गालावर थंड पाणी धरलं, पदर भिजवून बांधला. मग तिला मांडीवर घेऊनच माझ्याकडं वळल्या. ‘हात दाव.’ माझा तळवा निखाऱ्यानं सोलवटला होता. ‘तुला पण भाजलंय की,’ म्हणाल्या आणि माझ्या हातावर पाणी ओतायला लागल्या. मी त्यांच्या तोंडावर थुंकले. त्यांनी पाणी ओतणं थांबवलं नाही.

हेडगुरुजींनी आबांना बोलावून घेतलं. बाई नको म्हणत होत्या. आबा डंकावरनं तसेच आले, गळ्यात फडकं, भुवयांवर लाल पूड. दारातून म्हणाले, ‘बाई, माझी फोक आणा.’

‘जळाली,’ बाई म्हणाल्या.

‘कशी जळाली?’

आमच्यातला एक जण घाबरून बोलून गेला, ‘बाई समद्यांच्या फोका चुलीत घालत्यात. त्येच्यावर भाकरी करत्यात.’

आबांनी चुलीकडं बघितलं, परातीकडं बघितलं. ‘म्हंजे मी दिल्याली फोक कपाळाला लावून घेतली, आन् वर भाकरी भाजून खाल्ली? येडा समजलासा व्हय मला?’ त्यांनी चुलीजवळचं बाभळीचं लाकूड उचललं. ते माझ्या डोक्याच्या रोखानं आलं होतं. बाई मध्ये आल्या, त्यांनी उजवा हात वर केला. ओली फांदी मोडल्यासारखा आवाज नव्हता तो, वाळलेली मोडल्यासारखा होता. बाई खाली बसल्या. त्यांच्या तोंडून मी शिवी ऐकली ती तेवढीच एकदा: ‘मुडदा बशिवला तुजा.’ तरी आबांनी मला पाठीत दोन घातलेच. हेडगुरुजी आणि शिपाई मिळून त्यांना धरेपर्यंत मी चुलीच्या राखेत पडले होते.

माझी शाळा बंद झाली. आबांनी मला डंकावर बसवलं, चटणी चाळायला. दिवसभर मुसळांपुढं. हात परत लाल झाले, आणि मी परत मान वर करून रडायला लागले. मनाशी ठरवून टाकलं होतं की आता आपलं हेच. मी आबांची पोरगी, माझे हात आबांचे. यात कुणाचा काय दोष.

आणि एके सकाळी मुजावर बाई डंकावर आल्या. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. डाव्या हाताला कुसुम, गालावर पिवळं मलम. काखेत एक लहान डबा, त्यात मोजून दोन मुठी मिरच्या. रांगेत सात-आठ बायका होत्या, बाई त्यांच्यात बसल्या. आबांचा चेहरा उतरला. पण डंकावर आलेल्या गिऱ्हाइकाला उठवता येत नाही, बायकांदेखत तर मुळीच नाही.

एकीनं विचारलं, ‘बाई, हाताला वो काय झालं?’

‘ह्येंनी मारलं. लाकडानं,’ बाई आबांकडं मान करून म्हणाल्या.

‘आन् पोरीच्या गालाला?’

‘हिनं मारलं. पेटल्या फोकेनं.’ मान माझ्याकडं.

एकाच आवाजात. आबांसाठी राग नाही, माझ्यासाठी माया नाही. बापलेकीला त्यांनी एका ओळीत बसवलं, आणि मी आयुष्यात कधी मेले नव्हते तेवढी शरमेनं मेले. धुरीत इतकं झोंबलं नव्हतं.

‘मग हितं कशाला आलायसा?’ दुसरी म्हणाली.

‘चटणी कुटायला. डंक चांगला हाय की ह्येंचा.’

आबांनी उठून डंक चालू केला, बोलणं बुडवायला. पण उखळात काही नव्हतं. लोखंडावर लोखंड खणखणायला लागलं. रांगेतल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. आमच्या समोरच्या घरातली गोदाक्का, सत्तरीची म्हातारी, रांगेत पुढं बसली होती. तिनं हात वर करून मोठ्यानं विचारलं, ‘शंकर, रिकामा डंक कशाला लावलास रं? आज कुणाची पाळी?’

आबांनी डंक बंद केला. इतकी शांतता मी त्या जागेत कधी ऐकली नव्हती. पत्र्यापलीकडून आईच्या बांगड्या वाजल्या, तेवढ्याही ऐकू आल्या.

मग बाईंनी डब्याखालून फणी काढली. ‘मंगल, माझा हात चालत न्हाय. हिची वेणी घाल.’ मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. बाईंनी कुसुमच्या हातातली ताकाची किटली घेऊन पुढं केली. मी हात धुतले, कुसुमच्या मागं बसले. फणी धरून हात वर केला, तशी तिनं डोळे गच्च मिटले आणि खांदे कानांपर्यंत नेले. पण उठून गेली नाही. मी वेणी घातली, वाकडी. आबा बघत होते. आठ बायका बघत होत्या. दुसऱ्या दिवशी बाई परत आल्या, दोन मुठी मिरच्या घेऊन. तिसऱ्या दिवशीही. बाजाराचा दिवस सोडला तर रोज, प्लास्टर निघायला आलं तोपर्यंत. रोज नवी कुणीतरी बाई विचारायची, रोज त्या तेच सांगायच्या, रोज मी वेणी घालायची. आणि रोज कुसुम डोळे मिटायची.

शेवटी आबाच म्हणाले, ‘बाई, घिऊन जावा हिला. पर उद्यापासनं तुमी हितं येऊ नगा.’

आबा सुधारले असं मी लिहिणार नाही. माझ्यावर त्यांनी परत हात टाकला नाही, हे खरं. रिकामा डंकही परत वाजला नाही. पण आई म्हणायची, ‘आता आवाज हुईल म्हणून हळू मारतोय.’ असं म्हणून ती हसायची, आणि मला तिचा रागच यायचा. मीही एकदा माझ्या मुलाला मारलं आहे. तो चार वर्षांचा होता. एकच थोबाडीत, पण त्यानं डोळे मिटले आणि मला आत जाऊन बसावं लागलं. हे त्याला आठवत नाही. मला आठवतं.

तर बाईंना तसं सांगितल्याच्या दुसऱ्या दिवशी आबा मला घेऊन चुलीच्या खोलीत आले. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात फोक. नवी, हिरवी, सकाळीच तोडलेली. रिकाम्या हातानं पोर शाळेत कसं घालायचं, हे त्यांना दुसरं ठाऊकच नव्हतं. त्यांनी ती पुढं केली. बाईंनी आधीसारखीच कपाळाला लावली, पण कोपऱ्यात ठेवली नाही. सरळ माझ्या हातात दिली आणि चुलीकडं वळून डाव्या हातानं पीठ मळायला बसल्या. आबा दारातच उभे राहिले.

मी फोक घेऊन कुसुमपुढं गेले. ती परातीजवळ बसली होती. माझ्या हातात फोक बघितली आणि तिनं डोळे मिटले. काय बोलायचं ते मला येत नव्हतं, आमच्या घरात तसले शब्दच नव्हते. मग मी फोक उलटी धरली, जाड बाजू तिच्याकडं, आणि म्हणाले, ‘तूच घाल.’

तिनं एक डोळा उघडला. मग दुसरा. फोक घेतली, चुलीपाशी गेली, मोडायला लागली तर हिरवी फोक मोडेना, म्हणून अख्खीच आत सारली. ओली ती, कसली पेटते. तिचा नुसता धूर झाला. खोली भरली, सगळे खोकायला लागले, दारात आबाही खोकायला लागले आणि फडक्यानं डोळे टिपायला लागले. धुरामुळंच असेल. कुसुमच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि गालावरच्या नव्या कातडीला ते झोंबत असणार. सकाळी घरून निघतानाच मी हात ताकानं धुतले होते. मी हात वर केला. तिनं डोळे उघडेच ठेवले, आणि मी हातानं ते पुसले.